पल्याडची जबानी

पैनगंगेवरचं धुकं पहाटेच उठतं आणि गावात शिरायच्या आधी वच्छलाबाईच्या वाडीत येऊन बसतं. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. सांबाराच्या वाफ्यावर दहिवर इतकं साचलं होतं, की मूठभर झाडं उपटली तरी मनगटापर्यंत ओल यायची. वच्छलाबाई उकिडवी बसून उपटत होती, मुळांची माती झटकत होती, अंबाडीच्या दोरीनं जुडी आवळत होती. डोक्यावरून पदर, पदरावर मफलर, अंगात मेलेल्या नवऱ्याचा स्वेटर. वय बासष्ट. नऊ वाजता बेल्याचा बाजार भरतो. तिथं कोणी सांबाराला कोथिंबीर म्हटलं, की भाजीवाल्या समजतात माणूस लांबचा आहे आणि दोन रुपये वाढवून सांगतात.

धोंडीबा वारला त्याला अकरा वर्षं झाली. या अर्ध्या एकराच्या वाडीवर बाईनं घर ओढलं, देवानंदला बारावीपर्यंत शिकवलं, त्याचं लग्न केलं. पण गावात तिचं नाव निघायचं ते या कष्टासाठी नाही. निघायचं मर्यादेसाठी. नवी सून दोन दिवसांत पदर खांद्यावर आणायला लागली, की सासू म्हणायची, "वच्छलाबाईनं चाळीस वर्स भासऱ्याले तोंड नाई दाखवलं, अन तुले दोन दिस झेपत नाई व्हय?"

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही; त्यानंही बोलायचं नाही. या घरात तर अंगण एक, खोल्या दोन आणि मधे सैपाकघर. उद्धवराव बाहेरून आले की अंगणातच खाकरायचे. वच्छलाबाई दाराआड व्हायची. काही विचारायचं असलं तर ते भिंतीकडं पाहून विचारायचे, "म्हशीले ढेप टाकली का नाई?" भिंत गप्प. जरा वेळानं आतून बांगडी वाजायची. वाजली म्हणजे टाकली. धोंडीबा गेला, बांगड्या गेल्या, तेव्हापासून ती चुलीजवळ वाटी आपटायची. चाळीस वर्षं दोन माणसांतला संसाराचा कारभार असा चालला, आणि कधी एक दिवस म्हैस उपाशी राहिली नाही.

उद्धवरावांना पोटचं लेकरू नव्हतं. बायकोच्या मेलेल्या बहिणीची पोरगी, दीपमाला, त्यांनी पाच वर्षांची असताना आणली आणि वाढवली. कागदावर दत्तक घ्यायचं कोणाला सुचलं नाही. त्यांची बायको, मोठीबाई, गेली, म्हाताऱ्याचे पाय गेले, तेव्हा तीन वर्षं त्यांचं हागणं-मुतणं या दीपमालानं काढलं. म्हणून त्यांनी मृत्युपत्र केलं. गावाशेजारची, तेलंगणातली, सहा एकर काळी आणि नदीपल्याड, महाराष्ट्रात, चार एकर खडकाळ, सगळी दीपमालाला. साक्षीदार दोन. एक शेजारचे चंपतराव गुरुजी आणि दुसरी, उद्धवरावांच्या हट्टानं, वच्छलाबाई. "देवाची मायच साक्षीले असली तर देवा उद्या बोलणार नाई," असं ते देवानंदबद्दल भिंतीला म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी ते वारले. पल्याडची चार एकर नावावर करायला दीपमाला तिकडच्या कोर्टात गेली. कोर्टानं नोटीस काढली, वर्तमानपत्रात छापली. देवानंदनं ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि गेलाच नाही. वच्छलाबाईची जबानी पाच मिनिटांत झाली. मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्क्याचा हुकूम मिळाला. त्याला प्रोबेट म्हणतात. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दीपमाला इकडच्या तहसिलीत गेली. तिथल्या बाईनं तो सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि परत दिला. "अम्मा, हे महाराष्ट्र कोर्टाचं. इकडं नाई चालत."

दीपमालाच्या वकिलानं तेच समजावलं. तिकडच्या जिल्ह्याच्या कोर्टाचं प्रोबेट तिकडच्या राज्यापुरतं. राज्याबाहेरची मिळकत अगदी किरकोळ किमतीची असती तर भागलं असतं. सहा एकर काळी जमीन किरकोळ नाही. इकडं आदिलाबादच्या कोर्टात मृत्युपत्र पुन्हा शाबीत करायचं. साक्षीदार पुन्हा उभा करायचा. चंपतराव गुरुजी तोवर वारले होते. उरली वच्छलाबाई.

आणि या वेळी देवानंदनं हरकत घेतली. मृत्युपत्र पडलं, की वारस तोच, सख्खा पुतण्या.

बाजाराचं टोपलं भरून ती घरी आली, तर अंगणात अनोळखी मोटारसायकल उभी होती. देवानंदच्या वकिलाचा मुन्शी लखन सैपाकघराच्या दारात वाकून टेप ताणत होता. टेपाचं दुसरं टोक देवानंदनं धरलं होतं, जिथं उद्धवरावांची बाज असायची तिथं.

"नऊ फूट चार इंच," लखन म्हणाला आणि वहीत लिहिलं. मग बाज असायची तिथं खाली बसला, मान वाकडी करून सैपाकघराकडं पाहू लागला. "दार लोटा बरं, देवाभाऊ. हं. आता चूल दिसत नाई. साक्षीदार चुलीपाशी बसून सही करीन तर म्हाताऱ्याले दिसणार नाई."

वच्छलाबाईनं टोपलं उतरवलं. "काय मोजून राह्यले, बाप्पा? घर विकाले काढलं का?"

देवानंद हसला. तो हसतो तेव्हा फार चांगला दिसतो. "बस माय. प्रतिभा, मायले चहा दे. आलं टाक, थंडीतून आली."

लखननं टेप गुंडाळून खिशात घातला. "काकू, कायदा असा हाय. अंगठा लावताना साक्षीदारानं पाह्यलं पाह्यजे. अन साक्षीदार सही करताना अंगठावाल्याले दिसला पाह्यजे. नाई तर मृत्युपत्र अन रद्दी सारखीच."

"मंग?"

"मंग तुमी तं कधी त्याईच्या पुढं आल्याच नाई. साऱ्या गावाले माहीत हाय. सात जण शपथेवर सांगाले तयार हायेत." त्यानं पिशवीतून एक शिक्क्याची नक्कल काढली. "अन ही पाहा. पल्याडची तुमची जबानी. वकीलसाहेबानं माणूस पाठवून काढून आणली. 'अंगठा लावताना मी पाहिले.' हे तुमचंच ना?"

"तिकडचा कागद इकडं चालत नाई म्हणत होते."

"थो हुकूम व्हय काकू, थो नाई चालत. हे तुमचं बोलणं व्हय. हे कुठंबी चालते." लखननं कागद जपून परत ठेवला. "आता कोर्ट विचारीन, गाव खोटं का बाई खोटी? खोट्या साक्षीले जेल असते. म्हणून म्हणतो, सरळ सांगून टाका, वकिलानं बोलायले लावलं होतं. म्हतारी बाई, कोर्ट माफ करते."

तो गेल्यावर देवानंद तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्या चिखलाच्या बोटांत अडकलेलं सांबाराचं पान त्यानं अलगद काढलं.

"माय, खोटं बोल म्हणून म्या सांगून राह्यलो का?"

"नाई."

"तू फक्त खरं सांग. मोठेबाबाले तू कधी पाह्यलं नाई. एवढंच."

"मंग तिकडच्या कोर्टात काऊन नाई गेला तू? तवाच म्हणाचं होतं."

"चार एकर गोट्यासाठी कोण जाईन?" देवानंद उठला. "अन तू तिकडं बोलली, थे बरंच झालं."

तेव्हा वच्छलाबाईला कळलं, की दीड वर्षापूर्वी नोटिशीची घडी करताना पोरानं काय पाहिलं होतं: मायची जबानी, पुढं तिच्यावरच उलटवायला. चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

त्या दिवसापासून घरात तिचे फारच लाड सुरू झाले. प्रतिभा, जी सासूला एरवी 'ओ' सुद्धा देत नसे, अंघोळीचं पाणी काढून ठेवायला लागली. देवानंदनं बेल्याहून पांढऱ्यावर बारीक निळ्या फुलांचं लुगडं आणलं, कोर्टात नेसायला. रोज जेवताना तो तिला एकेक प्रश्न विचारायचा, अगदी लेकराला पाढे विचारावे तसा. "किती वर्सं एका घरात?" "चाळीस." "कधी समोर आली?" "नाई." "शाब्बास." एकदा ती उत्तर द्यायला थांबली, तर त्यानं हातातली भाकर ताटात ठेवली आणि ती बोलेपर्यंत उचलली नाही. प्रतिभाही थांबली.

दीपमाला त्याच अंगणात, पलीकडच्या खोलीत राहते. ती या बाजूला येईनाशी झाली. गुरुवारी मात्र वाडीत येऊन वांग्याच्या ओळीत तिच्यासोबत निंदायला बसली. 

"काकी, काल सहा एकरात ट्रॅक्टर आला होता," दीपमाला म्हणाली. "देवानं आणला. नांगरलं नाई काही. नुसता चारी कोपऱ्याले फिरून उभा केला अन माह्याकडं पाहून हॉर्न वाजवला."

"तू काय म्हटलं?"

"म्या काय म्हणू? मले कोण हाय?" तिनं खुरपं मातीत खुपसलं. "मी तुमाले काई मांगत नाई. तो तुमचा पोट्टा व्हय. पण बाबानं अंगठा लावला तवा मी दळण आणाले गेली होती. तुमी घरात होत्या. एवढंच विचारतो, तुमी पाह्यलं ना?"

वच्छलाबाईनं एक गवत उपटलं, दुसरं उपटलं. "ऊन चढलं. जाय घरी," ती म्हणाली.

तिनं पाहिलं होतं. तेच तर दुखणं होतं. अंगठा लागायच्या आधीच गुरुजींनी कागद आत चुलीपाशी आणला, बोट ठेवून म्हणाले, इथं नाव लिही. साक्षरतेच्या वर्गात नाव लिहायला शिकलेली बाई; पेन हातात घेतला आणि तिचं मन अडलं. न पाहता पाहिलं म्हणून कसं लिहू? तिनं दार ढकललं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा भासऱ्यासमोर पदर कपाळावर सारून मान वर केली. गुरुजींनी कागद बाजेपाशी नेला, तिच्या देखत अंगठा लागला; बस, दहा श्वासांपुरतं. मग तिथंच, उंबऱ्यावर बसून, नाव लिहिलं. गुरुजी देवमाणूस, कोणाला बोलले नाहीत. उद्धवरावांनी तर भिंतीलाही सांगितलं नाही. ही गोष्ट कोणाला सांगायची नसते, कारण सांगितली की मागची चाळीस वर्षं पुसली जातात. धोंडीबाच्या बाईजवळ दुसरं होतं तरी काय? ना सोनं, ना जमीन. सासवांच्या तोंडात तिचं नाव होतं, तेवढंच.

शुक्रवारी देवानंदच्याच मोटारसायकलवर ती आदिलाबादला गेली. कोर्टात गावची सात माणसं आधीच येऊन बसली होती, साक्ष द्यायला आणि ऐकायला. त्यांत तिच्या माहेरच्या नात्यातला एक, धोंडीबाबरोबर भजनाला बसणारे दोन. दीपमाला मागच्या बाकावर पिशवी छातीशी धरून.

न्यायाधीश बाई तेलुगू बोलायच्या; कारकून मराठीत सांगायचा. दीपमालाच्या वकिलानं थोडक्यात विचारून घेतलं. मग देवानंदचा वकील उठला. तो मराठीच होता, गोड बोलायचा.

"मावशी, उद्धवराव आणि तुम्ही किती वर्षं एका घरात?"

"चाळीस जी."

"त्यांच्याशी कधी बोललात?"

"नाई जी."

"कधी समोर आलात?"

देवानंद पहिल्या रांगेत बसला होता. त्याचे ओठ तिच्यासोबत हलले: नाई.

"एकडाव," वच्छलाबाई म्हणाली.

मागं कोणीतरी खोकलं. वकिलाचा हात हवेत राहिला.

"मावशी, प्रश्न नीट ऐका. सगळं गाव सांगतं, तुम्ही मोठ्या मर्यादेच्या. उद्धवरावांचा चेहरा तुम्ही कधीच पाहिला नाही."

"गावाले मी काय सांगू? एकडाव पाह्यला. अंगठा लावला त्या दिशी. दार म्या ढकललं, पदर म्याच वर केला."

"चाळीस वर्षांत एकदा, आणि नेमका त्याच दिवशी?"

"त्याच दिशी काम होतं ना जी."

न्यायाधीश बाईंनी कारकुनाकडं पाहिलं. त्यानं तेलुगूत सांगितलं. त्यांनी पेन उचलला.

वकील आता हसत होता. "बरं. मग सांगा, कसा होता चेहरा?"

"उजव्या भिवईत खोक होती. नाक लांब, आमच्या सासऱ्यासारखं."

"घरात हार घातलेला फोटो आहे ना त्यांचा? त्यातही खोक दिसते, नाकही दिसतं. फोटो पाहून तर मीही सांगेन."

"फोटोत दात हायेत जी." वच्छलाबाईनं कठड्याला धरलं.  "त्या दिशी कवळी काढून वाटीत ठेवली होती. गाल आत गेलते, तोंड लहान लेकरासारखं झालतं. निळा अंगठा माह्या देखत कागदाले लावला, मंग धोतराले पुसला, धोतरबी निळं झालं. अन रडून राह्यले होते. मले वाटलं, हा तं कोणी दुसराच म्हतारा व्हय. मंग चाळीस वर्स म्या भेली कोणाले?"

वच्छलाबाईनं पदर सावरला.

"मी उंबऱ्यावर बसून नाव लिवलं. त्याईनं मले पाह्यलं. मान हालवली. बस."

वकिलानं लखनकडून नक्कल घेतली. "हे तुम्ही तिकडच्या कोर्टात का नाही सांगितलं?"

"तिकडं पाह्यलं का म्हणाले, हो म्हटलं. कसं पाह्यलं, थे कोणी विचारलं नाई. काऊन सांगू? सांगाची गोष्ट हाय का थे?"

कारकून भाषांतर करता करता अडला, मग बाईंना काहीतरी लांबलचक सांगत राहिला. त्यांनी सगळं लिहून घेतलं. देवानंदकडच्या साक्षी पुढच्या महिन्यात. तारीख पडली. वच्छलाबाई खाली उतरली तेव्हा गावची माणसं बाजूला सरली. भजनाचे दोघं जमिनीकडं पाहत होते. माहेरच्या नात्यातला मात्र तिच्या तोंडाकडं पाहत राहिला, जणू तिचा पदर तिथंच, कोर्टात, आत्ता खाली पडला होता. दीपमाला पुढं आली, पण देवानंदनं आईचा दंड धरला होता. घट्ट नव्हता धरला.

"चाल माय. उशीर होते."

 अर्ध्या रस्त्यावर, दोन्ही बाजूला वेचून उजाड झालेली कपाशी आणि लांबवर एक माणूस नाही अशा जागी त्यानं मोटारसायकल थांबवली. इंजिन बंद केलं. वच्छलाबाई मागं बसून राहिली. त्यानं स्वतःचं जाकीट काढलं आणि तिच्या खांद्यावर घातलं, वरचं बटन लावलं.

"थंडी वाजून राह्यली ना तुले."

"नाई, बाप्पा."

"वाजून राह्यली. तुले समजत नाई." त्यानं बटन नीट केलं. "तुले आजकाल बऱ्याच गोष्टी समजत नाई, माय. मले आधीच पाहाले पाह्यजे होतं. परवा गॅस चालू ठेवला होता तू."

"म्या तं चूलच पेटवतो. गॅस तुही बायको पेटवते."

"हेच. हेच म्हणून राह्यलो." तो फार मायेनं बोलत होता. "मंगळवारी डॉक्टरकडं जाऊ. डोक्याचा डॉक्टर हाय, वकीलसाहेबाच्या ओळखीचा. तपासून कागद दिला की बरं राहते. पुढच्या तारखेच्या आधी."

वच्छलाबाईला समजलं. रस्त्यावरून एक बैलगाडी आली, गाडीवानानं पाहिलं, गेली. 

"डॉक्टर अल्याडचा का पल्याडचा?" तिनं विचारलं.

"अल्याडचा. तिकडचा कागद इकडं चालत नाई, ठाऊक हाय ना तुले."

"बरं झालं. म्हणजे मी पल्याड शहाणीच राह्यली."

देवानंदनं मागं वळून पाहिलं. तो हसला नाही. त्यानं किक मारली.

घरी पोचले तर बातमी आधीच पोचली होती. शेजारणी दारात उभ्या होत्या, तिला पाहून आत गेल्या. प्रतिभानं सासूकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमाले तर लग्नाच्या दुसऱ्या दिशी डोळे खाली ठेवाले शिकवलं होतं तुमी," ती म्हणाली. "अंघोळीचं पाणी नाई काढलं आज. तुमचं तुमी पाहा."

पलीकडच्या खोलीत दीपमालानं दिवा लावला होता, दार आतून बंद होतं. देवानंदनं अंगणात उभं राहून त्या दाराकडं बराच वेळ पाहिलं, मग फोन कानाला लावून रस्त्यावर गेला. 'मंगळवारचं नक्की करा,' एवढं आत ऐकू आलं.

वच्छलाबाईनं जाकीट काढून खुंटीला टांगलं, नवं लुगडं सोडून जुनं नेसलं. सकाळी चक्कीवर ज्वारी न्यायची होती, निवडलेली नव्हती. तिनं पायलीभर ज्वारी सुपात ओतली, उजेडाकडं तोंड करून बसली आणि पाखडायला लागली. कोंडा उडाला. खडे एका बाजूला आले. तिनं ते बोटांनी एकेक करून वेचले आणि दाराबाहेर टाकले.